साचा कोणाच्या हातात? धातू, रेझिन आणि प्लास्टिकच्या छोट्या सैनिकांचा इतिहास

या मालिकेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांबद्दल बोलतो. आज एका वस्तूबद्दल बोलायचं आहे, आणि तीही अंगठ्याएवढ्या. टेबलावर डोंगर, नदी, पडकी घरं मांडायची, त्यावर छोटे छोटे रंगवलेले सैनिक, घोडेस्वार, राक्षस उभे करायचे आणि फासे टाकून, फूटपट्टीने अंतर मोजून लढाई खेळायची, असा एक छंद आहे. इंग्लंड-अमेरिकेत तो फार जुना, आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही आता तरुण मंडळी तो खेळतात. त्या सैनिकांना ‘मिनिएचर’ म्हणतात. या छंदात शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच एक प्रश्न पडतो: मूर्ती धातूच्या घ्याव्यात, रेझिनच्या की प्लास्टिकच्या?

या प्रश्नाचं उत्तर दुकानदार दोन मिनिटांत देतो. धातू जड, रेझिन नाजूक, प्लास्टिक स्वस्त. ते खोटं नाही. पण मला असं दिसतं की गेल्या अडीचशे वर्षांत खरी निवड पदार्थाची झालेलीच नाही, ती साच्याची झालेली आहे. कोणता साचा, तो बनवायला किती खर्च, त्यातून किती नग निघतात, आणि तो कोणाच्या मालकीचा, यावरून पदार्थ ठरला. आणि त्यावरूनच खेळ कसा असेल, मूर्ती कोण बनवू शकेल आणि त्यातलं विष कोणाच्या अंगात जाईल, हेही ठरत गेलं.

आता थोडं तत्त्वज्ञान, कारण सवय सुटत नाही. ॲरिस्टॉटलने कारणांची चर्चा करताना पुतळ्याचं उदाहरण घेतलं. पितळ-कासं हे द्रव्य, आणि पुतळ्याचा आकार हे रूप. आपल्याकडे तर्कसंग्रह शिकताना कापडाचं उदाहरण येतं: तंतू हे समवायी कारण, आणि विणकराची तुरी, वेमा, म्हणजे धोटा आणि माग, ही निमित्त कारणं. दोन्हीकडे असं होतं की विद्यार्थ्याचं लक्ष द्रव्याकडे जातं, कर्त्याकडे जातं, पण मधल्या अवजाराकडे कोणी फारसं बघत नाही. माग म्हणजे काय, ‘निमित्तमात्र’. पण इतिहासात शिरलं की हे निमित्तच फार मोठं होऊन बसतं. माग बदलला की कापडाचा पन्हा बदलतो, किंमत बदलते, विणकर घरी बसतो की गिरणीत जातो हे बदलतं. साच्याचंही तसंच.

साचा म्हणजे काय, हे आपल्याला दिवाळीच्या किल्ल्यामुळे चांगलं माहीत आहे. किल्ल्यावरचा मातीचा मावळा हातात घेऊन बघा. दोन्ही कुशींवरून खाली एक बारीक रेघ गेलेली असते. तिथे साच्याचे दोन अर्धे जुळतात. आणि मावळ्याचा हात सहसा अंगाला चिकटलेला असतो, कारण हात मोकळा हवेत ठेवला तर साचा उघडताना तो अडकणार आणि मोडणार. ही दोन बंधनं, जोडाची रेघ आणि अडकणारा भाग, लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहरात कथलाचे चपटे सैनिक बनू लागले. हिल्पर्ट हे त्यातलं सुरुवातीचं मोठं नाव. चपटे म्हणजे अक्षरशः पत्र्यासारखे, बाजूने बघितलं तर नुसती कड दिसावी असे. असे का? तर साचा पाटीच्या दगडाचा होता. आपण ज्या दगडी पाटीवर अक्षरं गिरवायचो तोच दगड. दोन गुळगुळीत पाट्या घ्यायच्या, एकीत सैनिकाची पुढची बाजू कोरायची, दुसरीत मागची, दोन्ही घट्ट धरायच्या आणि वरून वितळलेला धातू ओतायचा. कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळतं, त्यामुळे पाटीचा दगड ते सोसतो. पण दगड वाकत नाही, म्हणून खोल आकार त्यात जमत नाही. मात्र सपाट कोरीव काम फार सुरेख जमतं. घोड्याच्या लगामाची कडी, कोटाची बटणं, सगळं त्यात येतं. एकोणिसाव्या शतकात हाइनरिक्सन या न्युरेंबर्गच्या घराण्याने ३० मिलिमीटर उंचीचे सैनिक रूढ केले आणि ते प्रमाण इतरांनीही उचललं. म्हणजे उत्तम कोरक्या हा तिथला राजा. साचा त्याच्या हातात होता.

त्याच काळात प्रशियाच्या सैन्यात खराखुरा युद्धखेळ तयार होत होता. राइसवित्झ बापलेकांनी तो घडवला. १८२४ साली मुलाने नियम छापले आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो खेळ घेतला गेला. गंमत अशी की त्यात सैनिक नव्हतेच. शिशाचे छोटे चौकोनी ठोकळे नकाशावर सरकवायचे. ज्यांना युद्ध शिकायचं होतं त्यांना चेहऱ्याची गरज वाटली नाही. चेहरा हवा होता तो खेळणाऱ्या मुलांना, आणि पुढे मुलांसारखं खेळणाऱ्या मोठ्यांना.

१८९३ साली लंडनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने एक युक्ती काढली. शिशाचा मिश्रधातू धातूच्या साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर घट्ट होतो न होतो तोच साचा उलटा करून आतला पातळ धातू परत मुशीत ओतून टाकायचा. राहतं ते पोकळ सैनिकाचं कवच. धातू कमी लागतो, वजन कमी, किंमत कमी. जर्मन आणि फ्रेंच भरीव सैनिकांना इंग्लंडच्या बाजारात यामुळे जबर स्पर्धा आली. या कारखान्याचा नेहमीचा आकार ५४ मिलिमीटर. त्याच्या यादीत साम्राज्यातल्या सगळ्या पलटणी होत्या, त्यात बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीसुद्धा. म्हणजे इथल्या पलटणीतला शिपाई, पोकळ शिशाचा होऊन, लंडनच्या मुलांच्या खोलीत जमिनीवर उभा राहत होता. त्या मुलांना हिंदुस्थान पहिल्यांदा भेटला तो असा.

याच सैनिकांवर एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यात फासे नाहीत. स्प्रिंगची खेळण्यातली तोफ असायची, तिच्यातून लाकडाचा छोटा दांडू उडवायचा आणि जो सैनिक पडला तो मेला. हा नियम कागदी सैनिकांना चालला नसता. धक्का लागला की पडावा पण फुंकरीने पडू नये, इतक्या वजनाचा शिपाई हवा, आणि शेकड्यांनी परवडावाही. पोकळ ओतकामाने तो दिला, आणि त्यातून खेळाचा नियम शक्य झाला. पदार्थाचं आणि नियमाचं नातं इतकं सरळ क्वचितच दिसतं.

आता शिशाबद्दल बोलायलाच हवं. शिसे मऊ, साधारण ३२७ अंशांना वितळणारं, स्वस्त, आणि पाण्याच्या अकरा पटींहून जड. ओतायला याच्याएवढा सोयीचा धातू नाही. आणि ते विष आहे. लहान मुलांच्या मेंदूवर ते हळूहळू परिणाम करतं. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. ओतणारा कामगार, रंगवणारा, आणि सैनिक तोंडात घालणारं पोर, सगळे त्या साखळीत होते. घरी शिसे वितळवून सैनिक ओतायचे संचही मुलांसाठी विकले जात. शिशाच्या खेळण्यांवरचे नियम कडक होत गेले आणि १९६६ साली ब्रिटनच्या कारखान्याने शिशाचे सैनिक बनवणं थांबवलं.

शिसे स्वतःही टिकत नाही बरं का. ओकच्या लाकडी कपाटात ठेवलेल्या जुन्या सैनिकांवर पांढरी भुकटी येते आणि हळूहळू सैनिक खाल्ला जातो. ओकच्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते, ती शिशाला मारक ठरते. संग्रहालयातली मंडळी हे चांगलं जाणतात. हौसेने सर्वांत भारी कपाट करून घेतलेल्या संग्राहकाचे सैनिक आधी गेले, असा हा प्रकार.

शिशाची जागा आधी घेतली ती मऊ प्लास्टिकने. १९५९ पासून एअरफिक्सने पॉलिथिनचे अगदी छोटे सैनिक पेटीत घालून विकायला सुरुवात केली. एका पेटीत चाळीस-पन्नास नग, आणि किंमत पोराच्या खाऊच्या पैशात बसणारी. दोष एकच, पण मोठा: पॉलिथिनला रंग धरत नाही. वाकवलं की पोपडा निघतो. तरीही ब्रिटन-अमेरिकेतल्या एका पिढीने युद्धखेळ शिकला तो याच पेट्यांवर.

स्वस्त प्लास्टिकचा आणखी एक उपकार आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला. त्यातले काही प्रसिद्ध प्राणी, गंज खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’, घुबड आणि अस्वल यांचा संकर असलेला ‘आउलबेअर’, जमिनीतून उसळणारा ‘ब्युलेट’, हे कुठल्याही पुराणातून आलेले नाहीत. हाँगकाँगमध्ये बनलेल्या, पिशवीत भरून विकल्या जाणाऱ्या विचित्र प्लास्टिकच्या खेळण्यांवरून ते सुचले. त्यांना नावं नव्हती, म्हणून खेळाडूंनी ती दिली. आधी वस्तू, मग कल्पना. प्लेटोला हे आवडलं नसतं.

आणि इथे धातू परत येतो, वेगळ्या साच्यातून. दागिन्यांच्या धंद्यात एक पद्धत होती. दोन जाड रबरी चकत्यांमध्ये मूळ नमुना ठेवायचा, उष्णता आणि दाब देऊन रबर पक्कं करायचं, मग ती चकती गरगर फिरवत मधल्या भोकातून वितळलेला धातू ओतायचा. फिरण्याच्या जोराने धातू कडेच्या बारीक खाचांपर्यंत पोचतो. रबर थोडं वाकतं, त्यामुळे थोडेफार अडकणारे आकारही सुटून येतात. महत्त्वाचं हे की साचा स्वस्त. एका साच्यातून काही शे नग निघाले की नवा करायचा. एक मूर्तिकार, एक यंत्र, एक छोटी शेड, एवढ्यावर धंदा सुरू होत होता.

१९७०च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेत असे छोटे कारखाने भराभर निघाले. १९७५ साली सिनसिनाटीत राल पार्था, दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सिटाडेल. मूर्तिकार पुटीतून बोटभर उंचीचा बुटका किंवा जादूगार घडवायचा आणि तो लवकरच विक्रीला यायचा. शंभरच लोकांना एखादा राक्षस हवा असेल तरी तो परवडत होता. त्या काळातली जी विलक्षण विविधता आज जुने खेळाडू आठवतात, तिचं श्रेय ते धातूला देतात. माझ्या मते ते रबराचं आहे.

मात्र हा धातू पुन्हा शिशाचाच होता. १९९३ साली न्यूयॉर्क राज्यात शिशाच्या मूर्तींवर बंदी येण्याची वेळ आली. उत्पादकांनी मोठी मोहीम केली. या मूर्ती खेळणी नाहीत, मोठ्यांच्या छंदाच्या वस्तू आहेत, असा युक्तिवाद झाला आणि गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी मूर्तींना सूट देणाऱ्या दुरुस्तीवर सही केली. म्हणजे शिसे वापरायची मुभा मिळाली. पण दरम्यान बहुतेक अमेरिकन उत्पादक कथील-प्रधान मिश्रधातूकडे वळले होते, आणि ते मागे फिरले नाहीत. कथील शिशापेक्षा बरंच महाग, त्यामुळे मूर्तीची किंमत चढली. कायद्याने बंदी अशी झालीच नाही, तरी विष गेलं. पण त्याची किंमत खेळाडूच्या खिशातून गेली, हेही खरं. मला तो सौदा योग्य वाटतो.

पोलादी साच्याचा मार्ग मात्र त्याआधीच मोकळा झाला होता. पॉलिस्टायरीन हे कडक प्लास्टिक तापवून, प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवायचं. काही सेकंदांत चौकट बाहेर पडते आणि तिला हात, पाय, डोकी, बंदुका चिकटलेल्या असतात. पोलाद जराही वाकत नाही, म्हणून अडकणारा आकार एकही चालत नाही. मूर्तीचे तुकडे करावे लागतात ते यासाठी. साचा बनवण्याचा खर्च अवाढव्य, पण एकदा झाला की लाखांनी नग काढा, प्रत्येकाचा खर्च नगण्य. १९८७ च्या सुमारास गेम्स वर्कशॉपने ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळासाठी एका पेटीत ३० प्लास्टिकचे सैनिक दिले. धातूत ३० सैनिक म्हणजे चांगला खर्च होता. इथून सैन्यं फुगत गेली. जिथे वीस मूर्तींची चकमक होत होती तिथे शंभर मूर्तींची फौज उभी राहू लागली.

पॉलिस्टायरीनचा दुसरा गुण खेळाडूंनी शोधला. त्याचा गोंद प्लास्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. एकाचं डोकं, दुसऱ्याचा हात, तिसऱ्याचा झगा, असं जोडून प्रत्येकाने आपापला शिपाई बनवावा. धातूला आणि रेझिनला सुपरग्लू लागतो, आणि तो सांधा कधीही निखळतो. ज्या पदार्थाला लोक ‘कारखानी’ म्हणून हिणवत होते, त्यानेच खेळाडूच्या हाताला सर्वांत जास्त काम दिलं. पण दुसरी बाजूही आहे. पोलादी साचा परवडणारे उत्पादक थोडे. बाजाराचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला, आणि शंभर लोकांना हवा असलेला तो राक्षस यादीतून गळाला.

त्या राक्षसाला रेझिनने सांभाळलं. रेझिन म्हणजे झाडाची राळ नव्हे. हे पॉलियुरेथेन, दोन द्रव एकत्र केले की थोड्या वेळात घट्ट होणारं. भट्टी नको, यंत्र नको. सिलिकोनच्या लवचीक साच्यात ओतायचं, साचा सोलल्यासारखा काढायचा. अडकणारे आकार, केसांच्या बटा, फाटकी निशाणं, सगळं येतं. पण तो साचा काही डझन नगांत फाटतो, आणि हवेचे बुडबुडे राहिले तर नाकाच्या जागी खड्डा. २०११ साली गेम्स वर्कशॉपने आपल्या बऱ्याच धातूच्या मूर्ती ‘फाइनकास्ट’ नावाच्या रेझिनमध्ये आणल्या, तेव्हा खेळाडूंची मोठी तक्रार या बुडबुड्यांचीच होती. छोट्या संख्येला शोभणारी पद्धत मोठ्या संख्येला लावली की असं होतं. आणि रेझिन घासताना उडणारी पूड फुप्फुसात जाणं वाईट. मास्क लावून, पाण्याखाली घासावं, हे जाणकार सांगतात ते ऐकावं.

शेवटी साचाच गेला. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे थर एकावर एक रचायचे, या पद्धतीचं पेटंट अमेरिकेच्या चार्ल्स हल यांना १९८६ साली मिळालं. गेल्या दहा वर्षांत असे थ्रीडी प्रिंटर घरातल्या टेबलावर मावतील एवढे झाले. आता जोडाची रेघ नाही, अडकणारा भाग नाही. फाइल हाच साचा, आणि तिच्यातून एक नग काढा की हजार, खर्च सारखाच. कोरक्याची जागा संगणकावर काम करणाऱ्याने घेतली. जगात कुठेही बसून तो मूर्ती विकू शकतो, आणि जगात कुठेही त्याच्या मूर्तीची चोरी होऊ शकते.

पण बघा, विष कुठे आलं ते. न घट्ट झालेलं हे रेझिन कातडीला बाधतं. वारंवार लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी, आणि उरलेलं द्रव मोरीत ओतायचं नाही, उन्हात घट्ट करून मग टाकायचं. शिशाच्या काळात हा धोका मुख्यतः ओतणाऱ्याच्या वाट्याला होता. आता ओतणारा आपणच, आणि खोली बहुधा आपल्याच घरातली, शेजारी मुलं झोपलेली. कारखान्यावर निदान तपासनीस येत होता.

मग निवडायचं काय? मी खेळाडू म्हणून नाही, इतिहासाचा वाचक म्हणून सांगतो. सैन्य उभं करायचं असेल, मुलं खेळणार असतील, तुकडे जोडण्यात रस असेल, तर प्लास्टिक. खाली पडलं तरी सहसा टिकतं. एकच सेनापती किंवा जादूगार हवा, तो वर्षानुवर्षं हातात घ्यायचा आहे, तर शिसेविरहित धातू. कथील पाण्याच्या सातपट जड असतं, आणि तो जडपणा बोटांना आवडतो. पडला तर मोडण्याऐवजी वाकतो, रंग मात्र उडतो. दुर्मीळ, गुंतागुंतीची, थोड्यांसाठीच बनलेली मूर्ती हवी, तर रेझिन. पण धूळ आणि द्रव यांची शिस्त पाळणार असाल तरच. जुने शिशाचे सैनिक घरात असतील तर ते मुलांच्या हातात देऊ नका, तोंडाजवळ नेऊ नका, हाताळल्यावर हात धुवा, आणि ओकच्या कपाटात ठेवू नका.

आणि विकत घेताना एक प्रश्न विचारा, जो दुकानदार सहसा विचारत नाही. हा साचा कोणाच्या हातात होता, आणि तो वापरताना कोणाचे हात आणि कोणाची फुप्फुसं खर्ची पडली? स्वस्त मूर्तीची किंमत कुठेतरी कोणीतरी भरलेली असते. कधी सिनसिनाटीच्या शेडमध्ये ओतणाऱ्याने, कधी आता आपल्याच घरात आपण. पदार्थाचे गुणदोष पुस्तकात मिळतात. हा हिशेब मात्र आपल्यालाच मांडावा लागतो.

वेळ झाली. प्रश्न बरेच असतील, विशेषतः ज्यांच्या घरी प्रिंटर आहे त्यांचे. ते घेऊ. पुढच्या वेळी रंगांबद्दल बोलू, कारण शिसे नुसतं मूर्तीच्या आत नव्हतं, ते तिच्या अंगावरच्या रंगातही होतं.